डावा खांदा अर्धा इंच उतरता

प्रिय चिंधे,

या नावाने तुला हाक मारणारा एकच आहे, तेव्हा पत्र कुणाचं ते कळलंच असेल. आता तू ते चुरगाळणार. चुरगाळ, पण वाचून झाल्यावर. शनिवारी तू त्या नव्या दुकानाची किल्ली हातात घेणार आहेस. त्याच्या आधी हे शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. परत ये, एकदा भेट, फोन उचल, असलं यात काही नाही. ते सगळं माझं मनातल्या मनात इतक्यांदा म्हणून झालंय की त्याची धारच गेली.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, आणि तुझ्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही हा शब्द मी दिलाय, तो अजून पाळतोय. म्हणून तुझ्या मावशींचा आसरा घ्यावा लागला. सकाळी त्या पर्सची चेन बदलायला आल्या होत्या. मला वरून खाली बघून म्हणाल्या, "काय रे, किती वाळलास? मास्तर जेवायला सोडत नाहीत का?" मी म्हटलं, "सोडतात मावशी, पण इथं दिवसभर सगळं आत घ्यायचंच काम चालतं, त्यात मीही थोडा आत गेलो." त्या हसल्या, आणि मग तुझं दुकान, तुझं नशीब, तुला भेटलेला तो देवमाणूस, हे सांगत बराच वेळ बाकावर बसल्या. संध्याकाळी पर्स न्यायला येतील तेव्हा हे पत्र आतल्या कप्प्यात असेल. आत्ता मास्तर खुर्चीतच पेंगतायत आणि मशीन बंद आहे, तेवढ्यात हे लिहितोय.

मी अजून तिथेच आहे, जिन्याखालच्या मास्तरांच्या त्या शिवणाच्या टपरीत, जिथे तू मला पायमशीन चालवायला शिकवलं होतंस. आठवतं, पहिल्या दिवशी मी पट्टा उलटा फिरवून सगळा दोरा गुंतवून ठेवला होता, आणि तू म्हणाली होतीस, या माणसाला सरळ पुढे जाता येतच नाही. आता येतं. पँटची उंची कमी कर, कमर सैल कर, चेन बदल, फाटलेल्या खिशाला आतून ठिगळ लाव. मास्तर म्हणतात, आपल्याकडे लोक कपडा घेऊन येत नाहीत, स्वतःवरची तक्रार घेऊन येतात. आपण ती कपड्यात दुरुस्त करायची आणि गप्प बसायचं. वडील माझ्याशी ताटापुरतं बोलतात. 'वाढ', 'पुरे', 'बस'. आई चोरून माझ्याकडून ब्लाउज उसवून घेते आणि म्हणते, यांना सांगू नकोस, पण हात बरा आहे तुझा. तो हात तुझा आहे, हे मी तिला सांगत नाही.

रविवारी मी अजून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो. तुझ्या वेळेच्या आधी जातो आणि तू यायच्या आत निघतो, काळजी करू नकोस. तो ढिगारा बघितला की तू दिसतेस. बाकीच्या पोरी रंग बघायच्या. तू डोळे मिटून आत हात घालायचीस, विहिरीत घागर सोडावी तशी, आणि बोटांनीच ठरवायचीस की हे सुती, हे लोकर, हे फसवं. मग बाहेर ओढून पहिल्यांदा कपडा उलटा करायचीस. सुलट बाजू विकायला असते, उलट बाजू खरं बोलते, असं तुझं म्हणणं. एकदा मला उलटं करून बघ म्हटलं तर म्हणालीस, तुझ्यात अस्तरच नाही, काय बघायचं. त्या वर्षी सगळ्यांना घेरदार पँटींचं वेड लागलं होतं, आणि दुकानात त्यांच्या किमती ऐकून आपण दोघं काच बघूनच परत फिरलो होतो. तू म्हणालीस, ट्रेंड म्हणजे सगळ्यांना एकदमच आलेली शिंक. आपण शिंकायचं नाही, आपण रुमाल शिवायचा. आणि ढिगाऱ्यातून दोन म्हाताऱ्या माणसांच्या पँटी काढून, एकीचा तपकिरी पाय आणि दुसरीचा राखाडी पाय जोडून, घेरदार पँट शिवलीस. पहिल्या दिवशी कॉलेजात सगळा वर्ग हसला. पंधरवड्यात तीन पोरी गुपचूप येऊन विचारून गेल्या, आम्हाला शिवून देशील का.

तुझ्या प्रत्येक कपड्याला खिसा असायचा. फ्रॉकला खिसा, घागऱ्याला खिसा, झोपायच्या कपड्यालासुद्धा. बाईच्या कपड्याला खिसा ठेवत नाहीत, म्हणजे तिला वाटेत काही सापडणारच नाही असं धरून चाललेत का हे लोक, असं तू इंटरनेटवर टाकलेल्या त्या कपड्यांच्या व्हिडिओत म्हणालीस आणि ते वाक्य कुठच्या कुठे गेलं. पोरी तुला खिसेवाली म्हणायला लागल्या. मी मात्र तुझ्या खांद्यावर जीव टाकून होतो. लहानपणापासून एकाच बाजूला दप्तर, म्हणून तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. तयार कपडा कुठलाही घाल, त्या बाजूला झोळ पडायचा. तू शिकवलंस की झोळ लपवायचा नाही, कापडच त्या बाजूला कमी घ्यायचं. मी तेवढं एकच काम तुझ्यासाठी अगदी नीट शिकलो. डोळे बांधले तरी तो अर्धा इंच मला टाचणीने धरता येईल. हे आत्ता का लिहितोय ते पुढे कळेल.

कॉलेजचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस. जुन्या निळ्या पडद्याचा शिवलेला तो फ्रॉक तू घालून आलीस आणि सर म्हणाले, "पडदा घरी परत लाव बाई, खिडकी उघडी पडली असेल." सगळे हसले. तू शांतपणे म्हणालीस, "असू दे सर, तेवढीच खिडकीला हवा." आणि वर्ग दुप्पट हसला, या वेळी सरांवर. तू जिंकली होतीस. मग मी टेबल उलटं केलं. माफी मागायला सांगितली तेव्हा ओळखपत्राचे दोन तुकडे करून प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवले आणि निघालो. बाहेर पायरीवर तू म्हणालीस, "माझी भांडणं तूच भांडलास तर माझ्या वाट्याला उरतं काय?" मला ते तेव्हा कृतघ्नपणाचं वाटलं. नंतर तुझ्या व्हिडिओखाली घाण लिहिणारा तो पोरगा मी शोधून काढला, त्याचा चष्मा फोडला, आणि तू मला शेवटचं भेटलीस. म्हणालीस, "त्याची मला भीती वाटत नव्हती. तुझी वाटते." ते वाक्य मी रोज इस्त्री करतो आणि ते रोज परत चुरगळतं.

तर घडीवाले. हे नाव मास्तरांनी ठेवलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक माणूस आला. चाळिशीचा, आवाज मऊ, नखं स्वच्छ, चपलेवर धुळीचा कण नाही. पिशवीतून कपडा असा काढायचा की आत बाळ झोपलंय. आणि आम्ही कपडा उलगडून बघितला की लगेच स्वतः त्याची घडी घालायचा, दुकानातल्यासारखी, बाह्या मागे दुमडून. पहिल्या खेपेला त्याने स्वस्तातला तयार शर्ट-फ्रॉक आणला होता आणि बायकोच्या मापाचा करून हवा होता. बायको कुठेय म्हटलं तर म्हणाला, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय. उंची, कमर, छाती तोंडी सांगितली. मास्तरांनी फ्रॉक पुतळ्यावर चढवला, मी टाचण्या लावायला घेतल्या. एकीकडे मास्तरांशी क्रिकेटवर बोलत होतो, लक्ष कुठेच नव्हतं. आणि माझ्या हातांनी आपणहून डाव्या खांद्याला अर्धा इंच कापड कमी धरलं.

त्याने तसं काही सांगितलंच नव्हतं. मास्तर खेकसले, "अरे, सरळ माणूस वाकडा करतोस की काय?" मी टाचण्या काढायला गेलो तर त्याने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "राहू द्या. अगदी बरोबर आहे. ती अशीच आहे." आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, हेच वाईट होतं. मी घरी जाईपर्यंत मला उमगलं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय थबकला. उंची तुझी, कमर तुझी, छाती तुझी. हातांना आधी कळलं होतं, मला मागून कळलं.

मी स्वतःला समजावलं की जगात तुझ्या बांध्याची तूच काय एकटी आहेस का. लग्न झालेली, खांदा उतरलेली, दुसरी कुणी असेल. पुढच्या खेपेला तो मापाचा कपडा घेऊन आला. मास्तरांनी पिशवीतून काढून टेबलावर पसरला, आणि तो निळ्या पडद्याचा फ्रॉक होता. तू व्हिडिओत एकदा घालून मग विकायला काढतेस ना कपडे, त्यातलाच. मला ओळखायला रंगही लागला नाही. खालच्या घेराची तुरपाई हिरव्या दोऱ्याची आहे, कारण निळा संपला होता आणि मी म्हटलं होतं, खाली कोण वाकून बघतंय. मी विचारलं, "तुमच्या मिसेसचा का?" तो म्हणाला, "बहिणीचा." मागच्या वेळी बायको होती. तो गेल्यावर मी मास्तरांना म्हटलं तर ते दोरा दाताने तोडत म्हणाले, "गिऱ्हाइकाची नाती मोजायची नाहीत. माप मोजायचं."

मग तो येतच राहिला. तू व्हिडिओत जे शिवलंस, त्याच्याच नकला कुठून तरी स्वस्तातल्या शोधून आणायचा. उलटा घातलेला पुरुषी शर्ट, दोन रंगांची पँट, गोधडीच्या तुकड्यांचं जाकीट. सगळं तुझ्या मापाचं करून घ्यायचा, आणि प्रत्येकात दोनच बदल सांगायचा. खिसे शिवून बंद करा, त्याने रेषा बिघडते. आणि बाजूची चेन काढून पाठीला घाला, वरपर्यंत. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही; पाठीला चेन कितीतरी बायका घालतात. पण पाठीची ती चेन जिथं सुरू व्हायची तिथं एकटीचा हात पोचत नाही, आणि तू तुझ्या प्रत्येक कपड्याची चेन बाजूला का घेतेस ते मला माहीत आहे. तूच म्हणाली होतीस, मला माझा कपडा स्वतः काढता आला पाहिजे. मी तुझे खिसे एकेक करून शिवून टाकले, चिंधे. कसं वाटलं असेल विचारू नकोस. न शिवून करणार काय होतो? मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या टपरीत गेला असता, आणि मग मला काहीच कळलं नसतं.

एकदा मात्र मी जवळजवळ फुटलो. भर उन्हाळ्यात तो लोकरीचे कपडे घेऊन आला. मग पातळ सुती आले, मग झोपायचे. मास्तर म्हणाले, बहिणीची हौस दांडगी दिसते. मी एकेक कपडा हँगरला लावत होतो आणि लावता लावता मला काहीतरी खटकत होतं, भाजीत काय कमी आहे ते जिभेला कळावं पण सांगता येऊ नये तसं. थंडीचे होते, उन्हाचे होते, सगळे ऋतू होते. बाहेर जायचा कपडा एकही नव्हता. कोट नाही, रेनकोट नाही, वरून घ्यायची शाल नाही. सगळं घरात घालायचं. मी कात्री खाली ठेवली आणि उठलो. मास्तरांनी माझा सदरा मागून धरला. हळूच म्हणाले, "कपडे शिवून घेतो म्हणून मारशील? मग चौकीत काय सांगशील?"

म्हणून मी आधीच चौकीत गेलो. पहिल्यांदाच आयुष्यात हात न उचलता गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "म्हणजे एक माणूस बाईचे कपडे आल्टर करून घेतो. आणि त्या मुलीच्या अंगाचं माप तुला तोंडपाठ. मुलगी तुझी कोण?" मी म्हटलं, आता कुणी नाही. "तिने तक्रार केलीय का?" मी मान हलवली, नाही. त्याने माझं नाव, पत्ता, कॉलेज का सोडलं, ते विचारलं. चष्मा फोडल्याचंही आपणहून निघालं, कारण ते तिथं आधीच माहीत होतं. शेवटी म्हणाला, "पोरा, तिचा पिच्छा सोड. पुन्हा तिच्या नावाने इथं आलास तर आतच बसवीन." तुझ्या मैत्रिणीला निरोप दिला तर तिनेही तेच ऐकवलं, जरा चांगल्या भाषेत. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, वर दोन कानाखाली दिल्या असत्या.

नंतर तुझा तो दुकानाचा व्हिडिओ आला. आईच्या फोनवर बघितला. तू इतकी खूश होतीस की मी तो आवाज बंद करून पुन्हा पाहिला, नुसता चेहरा. कुणी एक सद्गृहस्थ, तू त्यांना दादा म्हणतेस. तुझं काम त्यांना मनापासून आवडतं. त्यांची जागा रिकामी पडून आहे, वर्षभर भाडं नको म्हणाले. पुढे दुकान, मागे शिवायची खोली, तिथेच राहायची सोय, म्हणजे मावशींच्या एका खोलीत मशीन आणि गादी अशी मारामारी नको. तू कॅमेरा फिरवून बाहेरची पायरी दाखवलीस, एका कोपऱ्यात टवका उडालेली हिरवी फरशी, आणि म्हणालीस, ही मी मुद्दाम बदलणार नाही, माझ्यासारखीच आहे, जोडाजोडीची. मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. जरा जळलोही, की कुणा दादाने दोन शब्दांत ते केलं जे मला सगळ्या मारामाऱ्या करून जमलं नाही. पण घडीवाले आणि तुझा दादा यांची सांगड माझ्या डोक्यात आली नाही. एक टपरीतला, एक तुझ्या व्हिडिओतला. माणूस एकाच पायाने दोन उंबरे ओलांडतो, हे मला सुचलं नाही.

आज मावशी निघून गेल्यावर थोड्या वेळाने तो आला. शेवटची खेप तयार होती. एवढे हँगर एकट्याने नेता येत नाहीत म्हणाला, पोराला पाठवा बरोबर. मास्तर म्हणाले, जा. मी दोन्ही हातांवर कपडे घेऊन त्याच्या मागून चाललो. वाटेत तो कपड्यांबद्दलच बोलत होता. म्हणाला, आजकालच्या मुली रोज नवीन काहीतरी घालतात, त्यांना आपलं असं काही ठरवता येत नाही, कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. मग एका दाराशी थांबला, आणि मी खाली बघितलं तर पायाखाली टवका उडालेली हिरवी फरशी होती.

आत पुढची खोली अजून रिकामी आहे, नवीन रंगाचा वास येतो. मागची खोली रिकामी नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दांडा आहे आणि त्यावर मी शिवलेलं सगळं टांगलंय, ऋतूंच्या क्रमाने. तुझं मशीन ठेवायला टेबल आहे, गादी आहे, मोठा आरसा आहे. खिडकी आहे, पण तिला काचेच्या आतून पडदा शिवून बसवलाय, सरकत नाही. त्याने मला म्हटलं, लाव हे पण तिकडे. मी लावले. माझ्या पाठीमागे उभं राहून, त्याच मऊ आवाजात तो म्हणाला, "तू भडकू ना? ती सांगते तुझ्याबद्दल. तुझी भीती वाटते म्हणते."

चिंधे, ते नाव तुझ्याशिवाय कुणी घेत नाही. मला तेव्हा कळलं की तो आमच्या टपरीत चुकून आलाच नव्हता. शहरात शिंप्यांची काय वानवा होती? तुझ्या जुन्या व्हिडिओत आमची टपरी दिसते, त्यात तू हसून म्हणतेस की तुरपाई माझ्या भडकूची. पहिल्या दिवशी त्याने फक्त उंची-कमर-छाती सांगितली आणि माझे हात पुढचं काय करतात ते बघत थांबला. मी वळलो. माझी मूठ आवळलेली त्याने बघितली आणि एक पाऊल मागे जायच्या ऐवजी पुढे आला. म्हणाला, "मार की. दार उघडंच आहे, समोर माणसं आहेत. बघू दे त्यांना." मी मारावं हेच त्याला हवं होतं. मी हँगर सरळ केला आणि बाहेर पडलो. पायरीवरून मागे वळून बघितलं, तर तो मी लावलेला शेवटचा कपडा काढून पुन्हा घडी घालत होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. शनिवारनंतर तू कुणाला दिसली नाहीस, तर सगळे आधी माझ्या दाराशी येतील. त्या खोलीतल्या प्रत्येक कपड्याला माझी टीप आहे. कपडे घेऊन आत जाताना मला समोरच्या सगळ्या दुकानांनी पाहिलंय. तुझं माप मला तोंडपाठ आहे हे चौकीत मीच सांगून आलोय, आणि चष्म्याचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. तू हे पत्र त्याला दाखवशील तर तोही हेच सांगेल, की बघ, तुझ्या नावाने वेडा झालाय, हे सगळं त्यानेच शिवलं, त्यानेच आणून टांगलं. आणि ते खरं आहे, टांगलं मीच. म्हणून माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी पत नाही. तुझी भांडणं मी खूप भांडलो, हे तुझं तूच भांड. मला फक्त बघायचं कुठे ते माहीत आहे. उद्याच जा, शनिवारची वाट बघू नकोस. मावशींना आणि त्या मैत्रिणीला बरोबर घे, तिला मी आवडत नाही हे बरंच आहे. पुढची खोली ओलांड, पण मागच्या खोलीत पाऊल टाकू नकोस, दादा कितीही म्हणाला तरी. तिच्या दाराची कडी बघ. आतून तिथे काहीच नाही, नुसत्या स्क्रूची भोकं बुजवून वर रंग दिलाय. बाहेरून दोन आहेत, एक वर, एक खाली, नव्या कोऱ्या. उंबऱ्याबाहेर उभं राहूनही दिसतात.

तुझा म्हणायचा हक्क गेलेला, तरी तुझाच,
भडकू